गरोदरपणातील वाढलेला रक्तदाब : कधी मोजावा, कोणत्या तक्रारींना पित्त समजू नये आणि झटके आल्यास काय करावे

सातव्या-आठव्या महिन्यात ओटीभरण होते आणि पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते. ही प्रथा मायेची आहे आणि ती चालू राहावी असेच मला वाटते; परंतु गरोदरपणातला रक्तदाब वाढण्याचा काळही नेमका हाच असतो. हा विकार विसाव्या आठवड्यानंतर केव्हाही सुरू होऊ शकतो, पण बहुतेक वेळा तो शेवटच्या तीन महिन्यांत उघड होतो, आणि त्याच सुमारास तिचा डॉक्टर बदलतो, दवाखाना बदलतो, आशाताई बदलते आणि आधीच्या तपासण्यांचे कागद सासरच्या कपाटात राहून जातात. नव्या डॉक्टरांना १३४/८६ हा आकडा दिसतो तेव्हा तो चौथ्या महिन्यात १००/६० होता, हे सांगणारे तिथे कोणी नसते. अशीच दुसरी फट बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात पडते, कारण तेव्हा घरातल्या सर्वांचे डोळे पाळण्याकडे लागलेले असतात आणि बाळंतिणीचे डोके दुखते आहे ही गोष्ट जागरणाच्या खाती जमा होते.

गर्भवतींपैकी साधारण १०० मध्ये ५ ते १० जणींचा रक्तदाब गरोदरपणात वाढतो. मातामृत्यूच्या थेट कारणांत रक्तस्रावाच्या पाठोपाठ याच विकाराचा क्रमांक लागतो. तरीही यातील बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, कारण रक्तदाब मोजायला दोन मिनिटे पुरतात आणि त्यावरची औषधे जुनी, स्वस्त आणि सरकारी दवाखान्यांतही मिळणारी आहेत. हा लेख गरोदर स्त्रीसाठी आहे, तितकाच तो तिची आई, सासू, नवरा, भाऊ आणि जाऊ यांच्यासाठीही आहे. कारण धोक्याच्या वेळी "आत्ता निघायचे" हा निर्णय बहुतेक घरांत तिच्या एकटीच्या हाती नसतो.

शरीरात नेमके काय बिघडते

बाळाला रक्त पुरवणारी वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते तेव्हा तिथल्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्या रुंद आणि सैल व्हाव्या लागतात. काही स्त्रियांमध्ये हा बदल अर्धवट राहतो. मग वारेला पुरेसे रक्त मिळत नाही आणि तिच्यातून असे काही घटक आईच्या रक्तात उतरतात, की ज्यांमुळे शरीरभरच्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते. रक्तदाब वाढणे ही त्याची वरवर दिसणारी खूण झाली. आत मूत्रपिंडातून प्रथिने गळू लागतात, यकृताला सूज येते, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी घटतात आणि मेंदूतही सूज येऊ शकते. म्हणूनच याला "थोडे बीपी वाढले आहे" असे म्हणून सोडून देता येत नाही.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब पहिल्यांदा १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला आणि किमान चार तासांच्या अंतराने पुन्हा तेवढाच आला, तर तो गरोदरपणामुळे वाढलेला रक्तदाब होय. दोन आकड्यांपैकी एक जरी मर्यादेबाहेर गेला तरी तो वाढलेलाच धरतात. त्याच्या जोडीला लघवीत प्रथिने आढळली, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट, मेंदू यांपैकी कशावर परिणाम दिसला, तर त्या स्थितीला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. लघवीची तपासणी स्वच्छ आली म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया नाहीच, असे मानता येत नाही. याच विकारात झटके आले की त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. हा शब्द विजेच्या लखलखाटासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला आहे आणि ज्यांनी तो झटका पाहिला आहे त्यांना हे नाव अगदी पटेल. आणखी एक गंभीर रूप म्हणजे हेल्प सिंड्रोम, ज्यात तांबड्या पेशी फुटतात, यकृताचे एन्झाइम वाढतात आणि प्लेटलेट झपाट्याने कमी होतात. यात रक्तदाब फारसा वाढलेला नसतानाही स्त्रीची प्रकृती गंभीर असू शकते.

१६०/११० हा आकडा मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. तो आला तर पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा आणि तेवढाच भरला तर ती तातडीची स्थिती समजून तासाभरात उपचार सुरू व्हावे लागतात. कारण एवढ्या दाबाला मेंदूतील रक्तवाहिनी फुटण्याचा धोका असतो.

पहिली पायरी : नोंदणीच्या वेळीच जोखीम सांगावी

पाळी चुकल्यावर शक्य तितक्या लवकर, निदान बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवावे आणि त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. पुढचे सगळे आकडे या पहिल्या आकड्याशी ताडून पाहायचे असतात, म्हणून त्याला एवढे महत्त्व आहे.

डॉक्टर किंवा सिस्टर विचारोत वा न विचारोत, पुढीलपैकी काही असेल तर ते आपण होऊन सांगावे : आधीच्या बाळंतपणात रक्तदाब वाढला होता किंवा झटके आले होते, आधीपासून रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा ल्यूपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) विकार आहे, पोटात जुळी आहेत, ही पहिलीच खेप आहे, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर पडले आहे, वय पस्तिशीच्या पुढे आहे, वजन बरेच जास्त आहे, गर्भधारणा टेस्ट ट्यूब उपचाराने झाली आहे, किंवा आईला वा सख्ख्या बहिणीला हाच त्रास झाला होता. यातील शेवटची गोष्ट विशेष करून विचारून घ्यावी लागते. "तुझ्या वेळी मला झटके आले होते" हे पुष्कळ आया लेकीला कधी सांगतच नाहीत, कारण घरात त्याची नोंद आजार म्हणून नाही, तर बाहेरची बाधा म्हणून राहिलेली असते.

जोखीम जास्त असेल तर डॉक्टर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात, बहुधा ७५ ते १५० मिलिग्रॅम, रोज रात्री. ती बाराव्या आठवड्याच्या सुमारास, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू झाली तर तिचा खरा उपयोग होतो आणि साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत चालते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्री चाचणीत जास्त जोखमीच्या स्त्रियांना १५० मिलिग्रॅम गोळी दिल्यावर ३७ आठवड्यांआधीच बाळंतपण करावे लागेल अशा प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. म्हणूनच नोंदणी पाचव्या महिन्यावर ढकलणे महागात पडते. ही गोळी स्वतःच्या मनाने मात्र सुरू करू नये.

कॅल्शियमच्या गोळ्यांकडे आपल्याकडे "हाडांसाठीचे टॉनिक" म्हणून पाहतात आणि त्यामुळेच त्या डब्यात पडून राहतात. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे अशा स्त्रियांत या गोळ्यांनी प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका घटतो, हे त्यांचे मोठे काम आहे. सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅमची गोळी देतात. २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या, बंगळूर आणि टांझानिया येथे प्रत्येकी ११,००० स्त्रियांवर केलेल्या चाचण्यांत रोजची ५०० मिलिग्रॅम मात्रा १५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी गुणकारी ठरली नाही. तेव्हा एखाद्या दिवशी एक गोळी चुकली म्हणून सगळ्याच सोडून देऊ नयेत. कॅल्शियम जेवणानंतर घ्यावे आणि लोहाची गोळी त्याच्याबरोबर न घेता निदान दोन तासांच्या अंतराने घ्यावी.

दुसरी पायरी : रक्तदाब नीट मोजावा आणि लिहून ठेवावा

चुकीने मोजलेला आकडा न मोजण्याइतकाच घातक ठरू शकतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात जिना चढून आलेल्या बाईला बसवता बसवता पट्टा गुंडाळतात, तेव्हा येणारा आकडा खरा नसतो. मोजण्याआधी लघवी करून यावे आणि पाठीला आधार देऊन पाच मिनिटे शांत बसावे. पाय जमिनीला टेकलेले असावेत, मांडी किंवा पायावर पाय नसावा. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, मशेरी वा तंबाखू घेतलेली नसावी. मशेरी तर गरोदरपणात मुळीच लावू नये. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. घट्ट ब्लाउजची बाही वर सारून तिच्या वळकटीवर पट्टा बांधला तर आकडा चुकतो, म्हणून तपासणीच्या दिवशी सैल बाहीचे कपडे घालावेत. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि मोजणी चालू असताना बोलू नये. दंडाचा घेर सुमारे ३३ सेंटिमीटरहून जास्त असेल तर मोठा पट्टा मागून घ्यावा, कारण छोटा पट्टा खोटा वाढीव आकडा दाखवतो. उताणे झोपवून मोजू नये. वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून आकडा कमी येऊ शकतो.

जोखीम जास्त असेल आणि ऐपत असेल तर घरी दंडाला बांधायचे यंत्र घ्यावे. मनगटावरचे यंत्र घेऊ नये. यंत्र गर्भवतींसाठी तपासून प्रमाणित झालेले आहे का, ते विचारावे आणि दवाखान्यात नेऊन तिथल्या आकड्याशी एकदा पडताळून पाहावे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहावेत.

ही वही आणि माता व बाल संरक्षण कार्ड या दोन्ही गोष्टी माहेरी जाताना बांगड्या आणि साड्यांच्या आधी पिशवीत जाव्यात. माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या उपकेंद्रात किंवा दवाखान्यात नाव घालावे आणि जुने आकडे दाखवावेत. खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते आणि जोखमीच्या मातांची वेगळी नोंद तिथे ठेवली जाते.

प्रत्येक भेटीत रक्तदाबाबरोबर लघवीतील प्रथिने तपासली जावीत. उपकेंद्रात पट्टी बुडवून हे काही क्षणांत होते. नमुना मधल्या धारेचा द्यावा, कारण अंगावरून जाणारे पांढरे पाणी त्यात मिसळले तर तपासणी फसते. तपासणी झाली नसेल तर "लघवी तपासायची राहिली आहे" असे सिस्टरना नम्रपणे पण स्पष्ट सांगावे.

तिसरी पायरी : पित्त, थकवा आणि नजर लागणे यांच्या आड लपलेल्या तक्रारी

माझ्या एका चुलत बहिणीची गोष्ट इथे सांगणे मला आवश्यक वाटते. आठवा महिना होता आणि ती माहेरी आलेली होती. दुपारी जेवल्यावर तिला बरगड्यांखाली, उजवीकडे आणि मध्यभागी, दाटून आल्यासारखे दुखू लागले. घरात सर्वांनी पित्त म्हणून थंड दूध दिले, मग सोडा दिला, मग उलटी झाली तेव्हा "पडले पित्त, आता बरे वाटेल" असे म्हटले. दोन दिवसांपूर्वी हात सुजल्यामुळे तिच्या ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या साबणाचा फेस लावून काढाव्या लागल्या होत्या आणि त्याचे आम्हाला कौतुकच वाटले होते, की पोरीने अंग धरले. संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब १७०/११४ भरला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "डोळ्यांपुढे काजवे चमकतात का?" ती म्हणाली, "परवापासून." तिने ते कुणालाही सांगितले नव्हते, कारण तिला कुणी विचारलेच नव्हते. ती आणि तिची मुलगी दोघी सुखरूप आहेत. परंतु त्या दुपारच्या पाच तासांचा हिशेब मी अजून मनातून काढू शकलेले नाही.

म्हणून विसाव्या आठवड्यानंतर वरच्या पोटातील दुखणे हे रक्तदाब मोजेपर्यंत पित्त मानू नये. या विकारात ते यकृताच्या सुजेमुळे होते आणि पित्ताच्या कोणत्याही औषधाने थांबत नाही. पॅरासिटामॉल घेऊनही न राहणारी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, धूसर वा दुहेरी दिसणे, शेवटच्या तिमाहीत नव्याने सुरू झालेली मळमळ आणि उलटी, आडवे झाल्यावर लागणारी धाप, लघवी अगदी कमी होणे, योनीतून रक्तस्राव किंवा पोट दगडासारखे कडक होऊन दुखत राहणे आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी होणे, यांपैकी एक तक्रार जरी असली तरी त्याच दिवशी, मध्यरात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. पोट कडक होण्यामागे वार वेळेआधी सुटणे हे कारण असू शकते आणि तिथे आई व बाळ दोघांसाठी मिनिटे मोजावी लागतात.

सुजेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. संध्याकाळी घोट्याशी येणारी आणि रात्री पाय वर घेऊन झोपल्यावर सकाळी उतरणारी सूज बहुसंख्य गर्भवतींना येते आणि तिला घाबरण्याचे कारण नसते. सकाळी उठल्यावर चेहरा आणि पापण्या सुजलेल्या असणे, अंगठी रुतणे, बांगड्या घट्ट होणे आणि आठवड्याभरात वजन एकदम किलोभराहून जास्त वाढणे ही निराळी गोष्ट आहे. उलट अंगावर जराही सूज नसलेल्या स्त्रीलाही तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो. सूज दिसली तर रक्तदाब मोजावा, आणि दिसली नाही तरीही मोजावाच.

चौथी पायरी : आकडा वाढलेला आला तर

घरी किंवा उपकेंद्रात १४०/९० च्या वर आकडा आला आणि कोणतीही तक्रार नसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पंधरा-वीस मिनिटे शांत बसून पुन्हा मोजल्यावर तो उतरला, तरी ती नोंद वहीतून पुसायची नाही. १६०/११० किंवा वर सांगितलेल्या तक्रारींपैकी काही असेल तर जवळच्या छोट्या दवाखान्यात वेळ न घालवता, शस्त्रक्रिया, रक्तपेढीची सोय आणि नवजात बाळांचा विभाग असलेल्या रुग्णालयात जावे. असे रुग्णालय आपल्या गावापासून किती लांब आहे, रात्री वाहन कोणाचे मिळेल आणि रक्त द्यायला कोण येईल, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावे. गर्भवतींसाठी १०२ आणि तातडीसाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त आणि येण्याजाण्याचा खर्च पडत नाही. तेव्हा पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नये.

रक्तदाब कमी करण्यासाठी गरोदरपणात प्रामुख्याने लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही औषधे वापरतात. नागपुरातील दोन सरकारी रुग्णालयांत तीव्र रक्तदाबाच्या ८९४ गर्भवतींवर या तिन्ही तोंडी औषधांची तुलना केली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सहा तासांत रक्तदाब सुरक्षित मर्यादेत येण्याचे प्रमाण निफेडिपिनला ८४, लॅबेटालॉलला ७७ आणि मिथाइलडोपाला ७६ टक्के आढळले. शिरेतून औषध देण्याची सोय नसलेल्या केंद्रातही साध्या गोळ्यांनी किती मोठे काम होते, हे आपल्याच विदर्भातल्या स्त्रियांनी जगाला दाखवून दिले याचा मला अभिमान वाटतो.

घरात सासऱ्यांची किंवा सासूबाईंची रक्तदाबाची गोळी असतेच आणि "तीच अर्धी घे" असा सल्लाही सहज दिला जातो. हे कधीही करू नये. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गटांतील गोळ्या पोटातील बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात. ज्यांना आधीपासून अशा गोळ्या चालू आहेत त्यांनी गर्भधारणेचा विचार करतानाच, किंवा दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावे.

अळणी जेवणाचाही आपल्याकडे फार जाच होतो. प्रीएक्लॅम्प्सिया मिठामुळे होत नाही आणि मीठ पूर्ण तोडल्याने तो थांबत नाही. लोणचे, पापड, फरसाण मर्यादेत असावेत एवढे पुरे. बेचव जेवणामुळे तिचे जेवणच कमी होणे जास्त नुकसानीचे आहे. सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत आणि पाणी कमी करू नये. दिवसभर अंथरुणाला खिळवून ठेवण्यानेही हा विकार टळत नाही, उलट पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. जड कामे मात्र इतरांनी वाटून घ्यावीत.

पाचवी पायरी : झटके आले तर

विसाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांपर्यंत स्त्रीला आलेला कोणताही झटका दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत एक्लॅम्प्सियाच समजावा, तिला पूर्वीपासून आकडी येत असली तरीही. काही जणींचा रक्तदाब त्याआधी फारसा वाढलेलाही नसतो.

झटका सहसा मिनिट-दीड मिनिटात आपोआप थांबतो. तेवढ्या वेळात तिला पडू देऊ नये, आजूबाजूच्या टोकदार वस्तू, चूल, पाणी यांपासून दूर करावे, डोक्याखाली घडी केलेले कापड सारावे आणि हातपाय दाबून धरू नयेत. दातखीळ बसली म्हणून तोंडात चमचा, बोट किंवा कापड घालू नये. दात तुटतात, श्वास कोंडतो. कांदा वा चप्पल हुंगवू नये, पाणी पाजू नये. एकाने तिच्याजवळ थांबावे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी १०८ ला फोन करून "आठव्या महिन्याची गरोदर आहे, झटका आला आहे" असे नेमके सांगावे, म्हणजे त्या तयारीने रुग्णवाहिका येते. झटका ओसरताच तिला डाव्या कुशीवर वळवावे आणि तोंडातील फेस व उलटी कापडाने बाहेरच्या बाहेर पुसावी. झटका किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ टिकला ते लक्षात ठेवावे. प्रवासातही तिला डाव्या कुशीवरच ठेवावे.

एक झटका येऊन ती शुद्धीवर आली, बोलू लागली, म्हणून घरी थांबू नये. पुढचा झटका वाटेवर असू शकतो. देवऋष्याकडे, अंगारा लावायला, गावातल्या जाणत्या माणसाला विचारायला जाण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी अंगारा रुग्णवाहिकेत लावावा, पण गाडी थांबवू नये.

वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्र लागत असेल तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा तिथे देता येते : दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅमचे इंजेक्शन. ती मिळाली असेल तर वेळ आणि मात्रा चिठ्ठीवर लिहून घ्यावी आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून कळवण्याची विनंती डॉक्टरांना करावी.

रुग्णालयात काय होते, हे नातेवाइकांना माहीत असावे

मॅग्नेशियम सल्फेट हे झटक्यांवरचे सर्वोत्तम औषध आहे. ते डायझेपाम आणि फेनिटॉइन या दोन्हींपेक्षा सरस असल्याचे १९९५ साली सिद्ध झाले आणि झटका येण्याआधीच दिले तर त्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ च्या मॅगपाय चाचणीने सुमारे १०,००० स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवले. हे इंजेक्शन देताना अंगातून गरम वाफ गेल्यासारखे वाटते, घाम येतो, मळमळते. स्नायूतील इंजेक्शन बरेच दुखते. नातेवाईक घाबरून "बंद करा" म्हणतात, तसे करू नये. सिस्टर दर काही वेळाने गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहतात, श्वास मोजतात आणि लघवीच्या पिशवीतील माप घेतात; औषध शरीरात साचत नाही ना, याची ती राखण असते. साचलेच तर कॅल्शियम ग्लुकोनेट हा त्यावरचा उतारा जवळ ठेवलेला असतो. शेवटचा झटका किंवा बाळंतपण, यांपैकी जे नंतर झाले असेल तेव्हापासून २४ तास हे औषध चालते.

बाळ आणि वार बाहेर आल्याशिवाय हा विकार उतरणीला लागत नाही. म्हणून ३७ आठवडे पूर्ण झालेले असतील तर सहसा बाळंतपण करवतात; लक्षणे तीव्र असतील तर ३४ आठवड्यांनंतर थांबत नाहीत; झटके किंवा हेल्प सिंड्रोम असेल तर आईची प्रकृती सावरून दिवस न पाहता निर्णय घेतात. दिवस कमी असल्यास बाळाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. "आठव्या महिन्याचे बाळ जगत नाही" या समजुतीपायी घरचे लोक संमती द्यायला कचरतात, आणि तेवढ्यात आई व बाळ दोघेही हातचे जातात. प्रत्येक वेळी सिझेरियनच करावे लागते असेही नाही. आई स्थिर असेल तर कळा सुरू करून नैसर्गिक बाळंतपण होऊ शकते.

बाळंतपणानंतर : विसरली जाणारी पायरी

बाळंतपण झाले की आजार संपला, ही समजूत धोक्याची आहे. रक्तदाब प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा सर्वांत वर जातो, आणि पुष्कळ स्त्रियांना नेमके त्याच्या आधी घरी सोडलेले असते. गरोदरपणी रक्तदाब पूर्ण ठीक असलेल्या स्त्रीचाही तो या दिवसांत वाढू शकतो. त्यामुळे पहिले तीन दिवस रुग्णालयात किंवा देखरेखीखाली राहावे, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा मोजावा आणि सहा आठवड्यांनी एकदा मोजावा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला पाहायला घरी येतात. त्या वेळी आईचे डोके दुखते का, दिसायला कसे आहे, हेही त्यांना आवर्जून सांगावे आणि उपकेंद्रातून रक्तदाब मोजून घ्यावा.

बाराव्या दिवशी बारशाच्या गडबडीत बाळंतिणीने "डोके फार दुखते" असे म्हटले तर तिला शेक-शेगडी आणि झोप सुचवण्याआधी पट्टा बांधावा. गोळ्या चालू असतील तर अंगावर पाजते म्हणून त्या बंद करू नयेत. लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि एनालाप्रिल स्तनपानात घेता येतात. एनालाप्रिल गरोदरपणी वर्ज्य आणि बाळंतपणानंतर चालते, हे ऐकून गोंधळ होतो, पण ते तसेच आहे.

पुढेही या स्त्रियांना हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो आणि उच्च रक्तदाबाचा त्याहूनही जास्त असतो. तेव्हा वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि वजन पाहावे. तीन महिन्यांनंतरही रक्तदाब उतरला नाही तर तो कायमचा समजून त्याचे उपचार वेगळे घ्यावेत. रुग्णालयातून सोडताना मिळालेले कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवावे, त्यावर सर्वांत जास्त भरलेला रक्तदाब, किती आठवड्यांनी बाळंतपण झाले आणि कोणती औषधे लागली हे लिहून घ्यावे, आणि पुन्हा दिवस राहिले तर बाराव्या आठवड्याच्या आत ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावे, म्हणजे अ‍ॅस्पिरिन वेळेत सुरू होईल.